बायको, बहीण आणि डबल फाऊल

शिट्टी तोंडात असली की मला नातीगोती दिसत नाहीत!

हे वाक्य मी शनिवारी सकाळी चहाचा कप हातात धरून, आई आणि बायकोसमोर, छाती फुगवून म्हटलं. मला ते इतकं आवडलं की लगेच पुन्हा एकदा म्हटलं.

"चहा सांडतोयस," आई म्हणाली.

त्याचं असं आहे, पोटापाण्यासाठी मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतो. पण मनाने मी बास्केटबॉलचा पंच आहे. पंचांची परीक्षा तिसऱ्या खेपेला का होईना, पण पास झालोय! नियमांचं अख्खं पुस्तक मला झोपेत पाठ आहे. बायकोचं म्हणणं, फक्त झोपेतच पाठ आहे. पण बायकोच्या म्हणण्याकडे लक्ष दिलं असतं तर मी पंच झालोच नसतो, आणि आज हे सगळं तुम्हाला सांगायची वेळही आली नसती.

रविवारी दुपारी बायकांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता. शाळेच्या शिक्षिका विरुद्ध हॉस्पिटलच्या नर्सेस. नेमलेल्या पंचांना ऐन शुक्रवारी गालगुंड झालं. शिट्टी फुंकायला गाल लागतात, आणि त्यांचे गाल तर आधीच फुंकून ठेवल्यासारखे झालेले! स्पर्धेच्या सचिवांचा मला फोन आला. मी "आलोच!" म्हणालो. त्यांनी पुढे विचारलं, "दोन्ही संघांत तुमच्या नात्यातलं कुणी नाही ना?"

होतं. दोन्ही संघांत होतं!

शिक्षिकांची कॅप्टन माझी बायको. नर्सेसची कॅप्टन माझी थोरली बहीण.

"दोन्हीकडे आहे?" सचिव म्हणाले. "मग फिट्टंफाट! या तुम्ही."

आता नणंद-भावजय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहिलं असेल, ते आधी पुसून टाका. अकरा वर्षांत या दोघींचं एकदाही वाजलेलं नाही. ताई आमच्या मागच्याच गल्लीत राहते. दोघी मिळून पोहायला जातात, दोघी मिळून आईची औषधं लावतात आणि दोघी मिळून मला बोलतात. ताई हॉस्पिटलात हेड नर्स आहे. तिने 'श्वास घ्या' म्हटलं की पेशंट श्वास घेतो आणि ती 'सोडा' म्हणेपर्यंत सोडत नाही. बायको गणित शिकवते. तिला ओरडावंच लागत नाही. ती नुसती फळ्याकडून वर्गाकडे वळते.

पण मैदानावर पाऊल टाकलं की दोघी एकमेकींना ओळखत नाहीत. आणि ताईच्या संघाने ओळीने चार वर्षं ढाल नेली होती.

यंदाची गोष्ट मात्र वेगळी होती. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन सामन्यानंतरच्या गुरुवारी ठरलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यानंतर चाला, फिरा, पण उड्या बंद. म्हणजे हा तिचा शेवटचा सामना. ती याबद्दल अवाक्षर बोलत नव्हती. फक्त शनिवारी संध्याकाळी तिने आपले खेळायचे बूट ओल्या फडक्याने पुसले, तळवेसुद्धा. पण मी स्वतःला बजावलं, तू पंच आहेस!

रविवारी हॉल गच्च भरला होता. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला हॉस्पिटल. आई बरोबर मधल्या रेषेसमोर, पहिल्या रांगेत. "मी कुणाकडूनच नाही," असं तिने शेजारच्या माणसाला न विचारता सांगितलं. माझा जोडीदार पंच म्हणजे आमच्या भागातला पोस्टमन. बिचारा नवशिका, भला माणूस. त्याला मी आधीच सांगून ठेवलं, "काही अडलं तर माझ्याकडे बघायचं."

पहिली पाच मिनिटं झकास गेली. मग चेंडू हवेत उडाला, बायको आणि ताई दोघींनी एकदम झेप घेतली आणि दोघींच्या चारही हातांत तो एकच चेंडू! कुणी सोडेना. मी शिट्टी मारली. तरी सोडेनात! चेंडूभोवती दोघी गिरणीतल्या जात्यासारख्या गरगरायला लागल्या.

"सोडा!" मी ओरडलो.

"अहो, आधी मी धरलाय!" बायको.

"पिल्ल्या, मध्ये पडू नकोस!" ताई.

पिल्लू हे माझं घरातलं नाव आहे. ते घरातच राहावं म्हणून मी बेचाळीस वर्षं जिवाचं रान केलं होतं. आता चारशे माणसांना कळलं! हॉस्पिटलच्या बाजूने लगेच "पिल्लू! पिल्लू!" सुरू झालं. शाळेची बाजू का मागे राहील? त्यांनी "अहो! अहो!" सुरू केलं.

अशा वेळी पंचाने दोन्ही अंगठे वर करायचे असतात. म्हणजे चेंडूवर दोघांचा सारखाच हक्क. मी ऐटीत अंगठे वर केले. समोरून आईने कौतुकाने आपलेही दोन्ही अंगठे वर केले.

मग चेंडू कुणाला द्यायचा? त्यासाठी गुण मांडणाऱ्यांच्या टेबलावर एक बाण असतो. तो ज्या संघाकडे, चेंडू त्यांचा. पुढच्या वेळी बाण उलटा फिरवायचा. पाळीपाळीने. साधं, न्यायाचं काम! मी टेबलाकडे बघितलं. खिळ्यावर बसवलेला पुठ्ठ्याचा बाण पाण्याच्या पिंपाकडे रोखलेला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"टेबलफॅनमुळे फिरतो, साहेब," गुण मांडणारे म्हणाले आणि त्यांनी घाईघाईने त्यावर पेपरवेट ठेवलं.

त्यानंतर सामना असा काही पेटला की विचारू नका. चेंडू दोघींच्या हातांना लागून बाहेर जायचा, तोही एकाच क्षणाला. धक्का दोघी द्यायच्या, तोही एकाच क्षणाला. मी शिट्टी मारली की दोघी माझ्याकडे वळायच्या, त्याही एकाच क्षणाला! "चष्मा लाव रे!" लोक ओरडत होते, आणि ओरडणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या नाकावर माझ्याच दुकानातले चष्मे होते. शेवटचं सत्र संपत आलं तेव्हा बायकोच्या नावावर चार फाऊल, ताईच्याही नावावर चार. पाचवा झाला की मैदानाबाहेर.

बारा सेकंद उरले. नर्सेस एकेचाळीस, शिक्षिका चाळीस. चेंडू शिक्षिकांच्या संगीताच्या बाईंकडे. त्या जपून चेंडू आपटत पुढे येत होत्या. बायको बास्केटखाली जागा धरायला धावली. ताई तिच्या वाटेत. बायकोने कोपराने ताईला रेटलं. ताईने बायकोचा शर्ट मुठीत धरून ओढला. दोन्ही एकदम! केसाएवढासुद्धा फरक नाही. मी तीन पावलांवर होतो. मी ते इतकं स्वच्छ बघितलं, की न बघण्याची सोयच राहिली नाही.

शिट्टी कुणी मारली ते देव जाणे, पण ती माझ्या तोंडात होती.

मी दोन्ही मुठी डोक्यावर धरून हलवल्या. डबल फाऊल! दोघींवर पाचवा. दोघी बाहेर!

हॉल असा गप्प झाला की टेबलफॅनचा आवाज ऐकू यायला लागला. बायकोने माझ्याकडे बघितलं. वाकून गुडघ्यावरचा पट्टा सोडला, नीट गुंडाळला आणि लंगडत बाकाकडे गेली. मला आता पुढचा निर्णय द्यायचा होता: चेंडू कुणाचा?

ताई अजून माझ्यासमोरच उभी होती. कमरेवर हात. "बाण बघ, पिल्ल्या," ती म्हणाली. ज्या आवाजात ती पेशंटला 'जीभ दाखवा' म्हणते, त्या आवाजात.

मी बाण बघितला. बाण नर्सेसकडे.

"चेंडू नर्सेसचा!" मी म्हणालो.

पोस्टमन धावत माझ्याजवळ आला आणि कानाशी कुजबुजला, "साहेब, पण चेंडू तर शिक्षिकांकडेच होता ना?"

"नियम मला शिकवू नका!" मी म्हणालो.

नर्सेसनी बारा सेकंद चेंडू एकमेकींकडे फिरवत काढले. भोंगा वाजला. पाचव्यांदा ढाल हॉस्पिटलकडे!

संध्याकाळी घरी बायको गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून खुर्चीत. ताई आईला ढाल दाखवायला आली होती, पण ढाल मांडीवर पालथी घालून बसली होती. आई एकदा मुलीकडे बघत होती, एकदा सुनेकडे.

बायको शांतपणे एवढंच म्हणाली, "चेंडू आमच्याकडे होता."

ती भांडली असती तर मी निभावून नेलं असतं हो! पण हा शांतपणा! मला तो सहन झाला नाही. मी ताडकन उठलो.

"लेखी दाखवतो!" मी म्हणालो. "पुस्तकात दाखवतो! सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतो, म्हणजे विषयच मिटेल!"

मी पुस्तक आणलं. पान काढलं. खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात वाचायला लागलो.

"डबल फाऊल! दोन विरोधी खेळाडूंनी साधारण एकाच वेळी एकमेकांविरुद्ध केलेले फाऊल! दोघांच्याही नावावर फाऊल मांडावा! बरोबर? मांडला! फ्री थ्रो कुणालाही देऊ नये! दिला? नाही दिला! आता पुढे ऐका. त्या वेळी एखाद्या संघाकडे चेंडूचा ताबा असेल, तर चेंडू... त्याच..."

"मोठ्याने वाच," ताई म्हणाली.

"...त्याच संघाला..."

"ऐकू येत नाहीये," आई म्हणाली.

"...परत द्यावा," मी म्हणालो. माझा आवाज आता मलाच पलीकडच्या इमारतीतून आल्यासारखा वाटत होता. "कुणाकडेच ताबा नसेल, तरच बाण बघावा."

बर्फाच्या पिशवीतून पाणी टपकत होतं.

"पुढचं पान बघ," ताई म्हणाली. तिच्या आवाजात थोडी आशा होती.

"पुढच्या पानावर आकृती आहे."

"आकृतीत काय आहे?" आईने विचारलं.

"पंच आहे. दोन्ही मुठी वर करून उभा आहे."

"तो तरी बरोबर उभा आहे का?"

ताईने ढाल उचलली आणि टेबलावर ठेवली. "ही मी नेणार नाही," ती म्हणाली.

"मलाही नको, ताई," बायको म्हणाली. "मी जिंकलेली नाही."

"मीही जिंकलेली नाही!"

"मग कुणाची?"

दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत त्यांच्यात भांडण लागलं नव्हतं, ते मी बारा सेकंदांत लावून दाखवलं होतं. आणि तेसुद्धा असं, की दोघी एकमेकींना ढाल देण्यासाठी भांडत होत्या! ताई डबडबलेल्या डोळ्यांनी निघून गेली. बायको आत जाऊन झोपली. ढाल आमच्या फ्रिजवर राहिली. फ्रिज उघडला की ती थरथरायची आणि मी काहीही न घेता तो बंद करायचो.

सोमवारी सकाळी मी दुकान उघडायच्या आधीच सचिवांकडे गेलो. "मला तक्रार करायची आहे," म्हणालो.

"कुणाविरुद्ध?"

"पंचाविरुद्ध."

"पंच तर तुम्हीच होतात!"

"म्हणूनच."

सचिवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी कपाटातून छापील अर्ज काढला. तीन प्रती. तक्रार करणाऱ्याचं नाव, माझं. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं नाव, माझं. खालच्या रकान्यापाशी सचिवांचं पेन थांबलं.

"दोघांमधले संबंध कसे आहेत?" त्यांनी वाचून विचारलं.

"सध्या ताणलेले आहेत," मी म्हणालो.

त्यांनी तसंच लिहिलं!

मंगळवारी समितीची बैठक झाली आणि निकाल आला. निर्णय चुकीचा. शेवटचे बारा सेकंद बुधवारी संध्याकाळी पुन्हा खेळवावेत. चेंडू शिक्षिकांचा. पाच फाऊलवाल्या दोन्ही कॅप्टन बाहेरच राहतील. पंच म्हणून पोस्टमन काम बघतील. आणि मी? मी वर्षभर शिट्टीला हात लावायचा नाही. खिशातसुद्धा ठेवायची नाही!

बुधवारी बारा सेकंदांसाठी हॉल पुन्हा गच्च भरला. गेल्या खेपेपेक्षा जास्तच! रजा काढून लोक आले होते. खेळाडूंनी अर्धा तास अंग गरम केलं. सचिवांनी भाषण केलं, ते वीस मिनिटं चाललं. बायको आणि ताई प्रेक्षकांत शेजारीशेजारी बसल्या होत्या. रविवारपासून दोघींचं एकमेकींशी बोलणं नव्हतं. मी त्यांच्या मागच्या रांगेत. आई माझ्या शेजारी, मी कुठे पळून जाऊ नये म्हणून बसवल्यासारखी.

"कोण मारणार बास्केट?" मी पुढे वाकून बायकोला विचारलं.

"संगीताच्या बाई." ती मागे न बघता म्हणाली. "काल संध्याकाळी आणि आज सकाळी सहाला मी त्यांच्याकडून सराव करून घेतला."

मला पत्ताच नव्हता! मी समजत होतो की ती फिरायला गेली होती. असल्या गुडघ्याने!

पोस्टमनने शिट्टी मारली. किती साधी, स्वच्छ शिट्टी! चेंडू आत आला. अकरा, दहा, नऊ. संगीताच्या बाईंनी तो पकडला. सात, सहा. एक नर्स त्यांच्या अंगावर धावली. बाई वळल्या, बायकोने शिकवलेलं असणार, एक पाय जागेवर ठेवून झकास वळल्या! तीन, दोन. चेंडू हातातून सुटला.

तो कड्यावर बसला. एक फेरी मारली. दुसरी मारली. मी आयुष्यात कधी इतकं मनापासून काही मागितलं नसेल. पंच नसल्यामुळे आता मागायला हरकत नव्हती. तिसरी फेरी मारून चेंडूने आत डोकावून बघितलं.

आणि बाहेर पडला.

भोंगा. चाळीस-एकेचाळीस. चार दिवसांत दोनदा जिंकलेली ही जगातली पहिलीच ढाल असेल!

मी डोळे मिटले. समितीपुढे नाक घासलं, वर्षाची बंदी ओढवून घेतली, अख्ख्या गावाला रजा काढायला लावली, आणि हाती आलं काय? बायकोच्या वाट्याला एकाच सामन्याचे दोन पराभव! आता ती ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा माझं तोंड बघणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं.

समोर हुंदका ऐकू आला. मी डोळे उघडले. रडत होती ताई! पाच वेळा ढाल जिंकलेली हेड नर्स, जिच्या धाकाने पेशंट बरे होतात ती, बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडत होती.

"आत जायला हवा होता गं," ताई म्हणत होती. "मी मनात म्हणत होते, जा रे मेल्या आत!"

"गप्प बसा हो, ताई," बायको तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. तिचा चेहरा रविवारपेक्षा कितीतरी मोकळा होता. "आता खरं हरलो. आता काही नाही वाटत. उद्या ऑपरेशनला तुम्ही आत याल ना?"

"येईन म्हणजे? सुरी मीच देणार आहे डॉक्टरांच्या हातात!"

घरी चालत निघालो. बायको ताईच्या खांद्यावर हात टाकून पुढे, मी आईचा हात धरून मागे. कोपऱ्यावर आई आणि बायको औषधाच्या दुकानात शिरल्या, तेवढ्यात ताईने मला बाजूला ओढलं.

"खरं सांग, पिल्ल्या. तू स्वतःविरुद्ध तक्रार केलीस, ती वहिनीला घाबरून ना?"

"छे!" मी म्हणालो. "न्याय म्हणून केली."

ताई "हं" म्हणाली आणि आपल्या गल्लीत वळली. फाटकापाशी आलो तेव्हा आई कुलूप काढायला पुढे गेली, आणि बायकोने माझी बाही धरली.

"खरं सांगा हं. रविवारी तुम्ही चेंडू नर्सेसना दिलात, तो ताईंना घाबरून ना?"

"छे!" मी म्हणालो. "नियम विसरलो."

बायकोही "हं" म्हणाली आणि आत गेली. दारात आई किल्ली हातात घेऊन उभी होती. तिने चपला काढता काढता आवाज खाली आणून विचारलं, "काय रे, दोघींना काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं, आई."

आईने माझ्याकडे क्षणभर नीट बघितलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "मलाही घाबरतोस."